आरोप न सांगता शिक्षा

मोबाइलवर पाककृतीचे एखादे पान उघडले आहे. वाचणारी बाई अंगठ्याने पान वर सरकवते आहे, साहित्याच्या यादीखाली ‘पुढे वाचा’ दिसते. तिथे बोट टेकणार एवढ्यात वरची जाहिरात उशिरा उमटते आणि अख्खे पान दोन बोटे खाली ढकलले जाते. बोट पडते ते जाहिरातीवर. त्या एका स्पर्शापोटी जाहिरात देणाऱ्या दुकानदाराचे काही रुपये जातात. त्यातला मोठा वाटा पान चालवणाऱ्याला मिळतो, उरलेला मधल्या कंपनीला. बाईंना त्या दुकानाशी काही देणेघेणे नव्हते. पान असे चुकून हलले की कोणी मुद्दाम तसे रचले होते? इंटरनेटवरच्या जाहिरातींचा सगळा बंदोबस्त या प्रश्नाभोवती फिरतो, आणि त्याचे उत्तर पानाकडे नुसते पाहून मिळत नाही.

हा पहारा ठेवतात त्या जाहिराती पुरवणाऱ्या कंपन्याच. त्यांच्यातली सर्वांत परिचित योजना म्हणजे गुगलने २००३ साली सुरू केलेली ॲडसेन्स. हिंदीला तिचे दार २०१४ मध्ये उघडले आणि मराठीला २०१८ मध्ये, त्यामुळे आता मराठीत लिहिणाऱ्या लहान संकेतस्थळांचा हिशोबही तिच्या नियमांवर चालतो. नियम तसे सरळ आहेत. स्वतःच्या पानावरच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करायचे नाही, दुसऱ्याला करायला सांगायचे नाही, जाहिरात डाउनलोडच्या बटणासारखी भासवायची नाही, इतरांचा मजकूर उचलून त्यावर जाहिराती लावायच्या नाहीत, खोटी वर्दळ विकत आणायची नाही. कारवाईचा आवाका मात्र प्रचंड आहे. गुगलच्याच अहवालानुसार २०२३ या एका वर्षात २१० कोटींहून अधिक पानांवर जाहिराती रोखल्या किंवा मर्यादित केल्या गेल्या, आणि ३ लाख ९५ हजारांहून अधिक संकेतस्थळांवर संपूर्ण स्थळापुरती कारवाई झाली.

पहारा हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खोट्या क्लिकचा पैसा शेवटी कोणाच्या तरी गल्ल्यातून जातो आणि बहुतेक वेळा तो गल्ला लहान असतो. टेक्सासमधल्या ऑक्शन्स एक्स्पर्ट इंटरनॅशनल या कंपनीवर गुगलने २००४ मध्ये खटला भरला. स्वतःच्या स्थळावरच्या जाहिरातींवर क्लिक करून पैसे काढल्याचा तो आरोप होता, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने तिला ७५ हजार डॉलर भरायला लावले. नंतर जे आले त्यापुढे हा प्रकार किरकोळच म्हणावा लागेल. ‘मेथबॉट’ या नावाने गाजलेल्या प्रकरणात अलेक्सांद्र झुकोव्ह या रशियन माणसाच्या टोळीने डॅलस आणि ॲम्स्टरडॅमच्या डेटा सेंटरमध्ये दोन हजारांहून अधिक सर्व्हर भाड्याने घेतले. त्या यंत्रांवरचे प्रोग्रॅम माणसासारखे वागत. ते माउस हलवत, व्हिडिओ मध्येच थांबवून पुन्हा सुरू करत, फेसबुकवर लॉगिन असल्याचे भासवत. सहा हजारांहून अधिक खऱ्या संकेतस्थळांची नावे टोळीने बळकावली होती. जाहिरातदाराला वाटे, आपली जाहिरात नामवंत वृत्तपत्राच्या पानावर दिसली. प्रत्यक्षात ती कोणत्याही माणसाने पाहिलेली नसे. अशा टोळ्यांपुढे ढिलाई दाखवून चालणार नाही.

माझा आक्षेप पकडण्याच्या कामाला नाही, पकडल्यानंतर जे होते त्याला आहे. खाते बंद झाल्याचे कळवणारा मेल बहुधा साच्यातला असतो. ‘अवैध वर्दळ’ आढळली, एवढे त्यात लिहिलेले असते. कोणते पान, कोणत्या तारखा, कुठून आलेले क्लिक, यातले काही नसते. न दिलेली कमाई थांबवली जाते आणि शक्य तिथे ती जाहिरातदारांना परत केली जाते असे कंपनी सांगते. दाद मागता येते, पण त्याच कंपनीकडे, आणि आरोपाचा तपशीलच हातात नसताना. बाजार समितीतला अडत्या माल विकून देतो, अडत घेतो, पण हिशोबपट्टी हातात ठेवतो, आणि त्याचा काटा वैधमापनवाल्यांनी तपासलेला असतो. इथे काटा, पट्टी आणि निवाडा तिन्ही एकाच हातात आहेत. अशा व्यवस्थेत एखाद्या हितशत्रूने मुद्दाम शेकडो क्लिक करून दुसऱ्याचे खाते गोत्यात आणले, तर निरपराध माणसाने काय दाखवायचे? थांबवलेल्या पैशांवरून अमेरिकेत भांडण कोर्टात गेलेही. फ्री रेंज कंटेंट या प्रकाशक, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या, कंपनीने इतरांसह २०१४ मध्ये गुगलविरुद्ध सामूहिक दावा लावला, आणि २०१८ मध्ये १ कोटी १० लाख डॉलरची तडजोड झाली.

यावर पहिले उत्तर मिळते ते गुप्ततेचे: आम्ही कसे पकडतो हे सांगितले तर चोर शहाणे होतील. हे उत्तर वजनदार आहे. आर्कान्सामधल्या लेन्स गिफ्ट्स या दुकानाने लावलेल्या दाव्यात २००६ साली जाहिरातदारांशी ९ कोटी डॉलरची तडजोड झाली, तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनी गुगलची यंत्रणा आतून तपासली. कंपनीचे प्रयत्न वाजवी आहेत असा निर्वाळा त्यांनी दिला, पण पेचही स्वच्छ मांडला. अवैध क्लिक कशाला म्हणायचे याची नेमकी कसोटी जाहीर केली तर लबाड तिचा फायदा घेणार, आणि नाही केली तर पैसे भरणाऱ्याला आपला हिशोब पडताळता येणार नाही. तुझिलिन जाहिरातदारांविषयी बोलत होते, पण प्रकाशकाचा पेचही हाच आहे. मला त्यातून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे कसे पकडले आणि काय केले हे वेगवेगळे आहेत. चाळणीची जाळी किती बारीक हे झाकून ठेवूनही चाळणीत काय सापडले ते सांगता येते. झुकोव्हचा खटला ब्रुकलिनच्या न्यायालयात उघडपणे चालला, २०२१ मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवले आणि दहा वर्षांची शिक्षा झाली. तिथे सर्व्हर, पत्ते, बळकावलेली नावे सगळे मांडले गेले. त्याने चोर पकडण्याची विद्या काही संपली नाही. दुसरी गोष्ट तुझिलिन यांच्या कामातच आहे. बाहेरचा जाणकार आत घेऊन, कसोट्या गुप्त राखून, कारभार तपासता येतो हे तेव्हाच सिद्ध झाले. जाहिरातदारांसाठी जे एकदा झाले ते प्रकाशकांसाठी कायमचे का होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात नाही.

हा खासगी करार आहे, पटत नसेल तर दुसरीकडे जा, असेही म्हणतात. पण लहान स्थळाला दुसरीकडे म्हणजे कुठे, हा प्रश्न आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्याला तर पर्याय आणखी थोडे. तिसरा आक्षेप संख्येचा: लाखो स्थळांना कारणे कोण लिहीत बसणार? पण ज्या यंत्रणेने पान आणि तारीख पाहून दोष ठरवला, तिला ते पान आणि ती तारीख मेलमध्ये उतरवणे जड जाऊ नये. थेट खाते बंद करण्याआधी काही काळ जाहिराती कमी करण्याची पायरी ॲडसेन्सने अलीकडच्या वर्षांत आणली, ही चांगलीच सुधारणा आहे. पण त्या पायरीवरही नेमका दोष सांगितला जात नाही, मग दुरुस्ती तरी कशाची करायची?

कायदा इथे मदतीला येईल असे वाटते, पण युरोपचा अनुभव वेगळा आहे. जुलै २०२० पासून लागू झालेला युरोपीय संघाचा नियम ऑनलाइन बाजारपेठांना सांगतो की विक्रेत्याची सेवा पूर्ण बंद करायची तर किमान तीस दिवस आधी कारणांसह कळवा. हॉटेलची खोली किंवा चपलांचा जोड विकणाऱ्याला हे संरक्षण मिळाले. ऑनलाइन जाहिरातींची साधने मात्र त्याच नियमाच्या पहिल्या कलमात, मोजक्या अटी घालून, वगळली आहेत. तो अपवाद काढला तरी कंपनीवर पडणारे ओझे चार ओळींचे असेल: या पानावर, या तारखांना, या प्रकारचे क्लिक आढळले, इतकी रक्कम थांबवली, त्यातली इतकी जाहिरातदारांना परत गेली, म्हणणे मांडायला तीस दिवस. पाककृतीच्या त्या पानाचा मालक एवढे वाचून निदान आपली जाहिरात ‘पुढे वाचा’पासून दूर हलवू शकेल.