परदेशी ऑनलाइन खरेदीवरील आयातशुल्क

परदेशातील विक्रेत्याकडून संकेतस्थळावरून मागवलेली वस्तू भारतात पोहोचल्यावर तिच्यावर सीमाशुल्क आणि संलग्न कर आकारले जातात. बोलीभाषेत त्यांना सरसकट 'कस्टम ड्युटी' म्हणतात. विक्रेत्याने दाखवलेल्या किमतीत ही रक्कम बहुधा धरलेली नसते. ती वस्तू ताब्यात घेणाऱ्याला भरावी लागते. सांगली जिल्ह्यातील कडेगावसारख्या तालुक्याच्या गावी पार्सल घेऊन आलेला पोस्टमन किंवा कुरिअरचा माणूस दारात पैसे मागतो, तेव्हा पुष्कळांना ती लाच वा फसवणूक वाटते. पार्सल प्रत्यक्ष दारात आले असेल आणि सोबत आकारणीचा कागद असेल, तर मागणी सहसा कायदेशीर असते.

कायदेशीर आधार

१८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्याची जागा सीमाशुल्क अधिनियम, १९६२ ने घेतली; तो १ फेब्रुवारी १९६३ पासून अमलात आला. शुल्काचे दर सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या अनुसूचीत दिलेले आहेत. व्यक्तिगत वापरासाठी आणलेल्या वस्तूंना तेथे ९८०४ हे स्वतंत्र शीर्ष आहे. अशा आयातीसाठी व्यापाऱ्यांप्रमाणे आयात-निर्यात संकेतांक काढावा लागत नाही. परंतु मोबाइलचे एक आवरण मागवणारा विद्यार्थीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने आयातदारच असतो आणि शुल्काची जबाबदारी त्याचीच असते.

काही देश ठरावीक किमतीपर्यंतचा माल सीमाशुल्कातून वगळतात. ब्रिटनमध्ये ही मर्यादा १३५ पौंड आहे, मात्र तेथील मूल्यवर्धित कर त्याखालीही लागतो. भारतात खरेदी केलेल्या मालाला अशी सर्वसाधारण सूट नाही. अधिनियमाच्या कलम २५(६) नुसार होणारे शुल्क १०० रुपये किंवा त्याहून कमी असेल, तर ते वसूल केले जात नाही, एवढीच सवलत आहे. ती किमतीला नसून शुल्काला आहे, हे बहुधा लक्षात घेतले जात नाही.

आकारणी

शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूकखर्च आणि विमा यांची बेरीज करून आकारणीयोग्य मूल्य ठरते. हवाई वाहतुकीचा खर्च कितीही झाला, तरी मूल्यांकनात तो मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरला जातो. परकीय चलनाचे रुपयांत रूपांतर अधिसूचित सीमाशुल्क विनिमय दराने होते; कार्डावर बँकेने लावलेला दर त्यापेक्षा वेगळा असू शकतो.

या मूल्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि शेवटी मूल्य, शुल्क व अधिभार या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर, असा क्रम असतो. अनपेक्षित वाढीचे मूळ या करावरील करात आहे. मूळ शुल्क ३५ टक्के आणि एकात्मिक कर २८ टक्के असतानाचा हिशेब असा: ५,००० रुपयांची वस्तू आणि १,००० रुपये वाहतूक मिळून मूल्य ६,००० रुपये (सोयीसाठी विमा वगळला आहे). त्यावर शुल्क २,१०० रुपये, अधिभार २१० रुपये. ८,३१० रुपयांवर २८ टक्क्यांनी २,३२६.८० रुपये. एकूण कर ४,६३६.८० रुपये, म्हणजे मूल्याच्या ७७.२८ टक्के. पाच हजारांची म्हणून मागवलेली वस्तू दहा हजारांच्या पुढे जाते.

हे दर पुढे उतरले. वस्तू व सेवा कराच्या सप्टेंबर २०२५ मधील फेररचनेत या शीर्षावरील एकात्मिक कर १८ टक्के झाला आणि फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला गेला. त्यामुळे जुन्या खरेदीच्या अनुभवावरून नव्या पार्सलचा अंदाज बांधता येत नाही.

भेटवस्तू

परदेशस्थ नातेवाइकांनी पाठवलेल्या ठरावीक किमतीपर्यंतच्या भेटवस्तूंना पूर्वी शुल्कमाफी होती. काही परदेशी संकेतस्थळे विकलेला मालही 'भेट' असे लिहून पाठवू लागली. डिसेंबर २०१९ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने ही वाट बंद केली. अपवाद राहिले ते जीवरक्षक औषधे आणि राखी यांचे. राखीला सूट, पण राखीसोबतच्या भेटीला नाही, असे अधिसूचनेत स्पष्ट म्हटले आहे. पूर्ण शुल्क भरून भेटवस्तू आणता येते.

औषधे

शुल्काचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो औषधांच्या बाबतीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईतील पाच महिन्यांच्या एका बालिकेसाठी स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी या जनुकीय आजारावरील झोल्जेन्स्मा हे औषध आणायचे होते. किंमत सुमारे १६ कोटी रुपये. त्यावर करांचे सुमारे ६ कोटी. पालकांनी लोकवर्गणीतून किंमत उभी केली आणि केंद्र सरकारने कर माफ केला. सप्टेंबर २०२१ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने या औषधाच्या व्यक्तिगत आयातीवरील एकात्मिक कर माफ करण्याची शिफारस केली.

१ एप्रिल २०२३ पासून राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ मधील सर्व आजारांवरील औषधांना आणि विशेष वैद्यकीय आहाराला व्यक्तिगत आयातीत मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी केंद्र वा राज्याचे आरोग्य संचालक, जिल्हा वैद्यकीय अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांचे प्रमाणपत्र लागते. म्हणजेच कडेगाव तालुक्यातील रुग्णाच्या कुटुंबाला या कागदासाठी दिल्ली वा मुंबई गाठावी लागत नाही. तो जिल्हा पातळीवर मिळू शकतो. औषध मागवण्यापूर्वी तो हाती असणे इष्ट, कारण माल अडकल्यावर धावपळ करायला वेळ नसतो.

वसुली आणि नकार

टपालाने येणारा माल विदेशी टपाल कार्यालयात (मुंबईत ते बॅलार्ड इस्टेट भागात आहे) सीमाशुल्क अधिकारी तपासतात. आकारलेली रक्कम टपाल खाते वाटपाच्या वेळी घेऊन सरकारजमा करते. पोस्टमनचा त्या आकड्याशी काही संबंध नसतो. त्याच्याशी घातलेला वाद व्यर्थ होय. कुरिअर कंपन्या शुल्क आधी स्वतः भरतात आणि ग्राहकाकडून वसूल करताना आपला सेवाआकार जोडतात. हा आकार सरकारी नसतो, म्हणून पावतीत तो वेगळा दाखवला आहे का, ते पाहावे.

माल सोडवण्याचा आदेश निघण्यापूर्वी त्यावरील हक्क सोडून दिल्यास कलम २३ नुसार शुल्क देण्याची जबाबदारी राहत नाही. विक्रेता पैसे परत करील की नाही, हा वेगळा प्रश्न. आकारणी चुकीची वाटल्यास आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागता येते.

'तुमचे परदेशी पार्सल सीमाशुल्कात अडकले आहे, या खात्यावर पैसे भरा' अशा फोनवरून लोकांना लुबाडण्याचे प्रकारही घडतात. सीमाशुल्क विभाग व्यक्तीच्या खाजगी खात्यात शुल्क घेत नाही. विभागाच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

शुल्क भरूनही न सुटणारा माल

काही वस्तूंना परवानाच लागतो. शेतकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे बियाणे आणि रोपे: वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार आयात परवाना व निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र नसल्यास ती अडवली जातात. ऑगस्ट २०२० मध्ये न मागवता येणाऱ्या संशयास्पद बियाण्यांच्या पाकिटांबद्दल केंद्रीय कृषी मंत्रालयाने राज्यांना सावधही केले होते. तयार स्थितीतील ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे.

उलट दिशेची टपालवाट

भारतातून बाहेर जाणाऱ्या पार्सलांनाही हाच न्याय लागतो. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, तेव्हा भारतीय टपाल खात्याला तेथील पार्सलसेवा काही आठवडे थांबवावी लागली. दिवाळीचा फराळ परदेशी धाडण्याचे ते दिवस होते. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सेवा पुन्हा सुरू झाली ती वेगळ्या पद्धतीने: अमेरिकेचे ५० टक्के शुल्क पाठवणाऱ्याकडून येथील टपाल कार्यालयातच घेतले जाऊ लागले आणि तिकडच्या दारात काही देणे उरले नाही.