सादळणाऱ्या फिल्मला मातीचा आधार

साबुदाण्याच्या पापड्या उन्हात कडकडीत होतात आणि पावसाळी हवा लागली की सादळतात. टॅपिओका, मका किंवा बटाट्याच्या स्टार्चपासून प्लास्टिकसारखी फिल्म बनवणाऱ्यांचं दुखणं नेमकं हेच आहे.

कोरडी स्टार्च फिल्म वाकवली की तुटते. म्हणून तिच्यात ग्लिसरीन घालतात, तेही थोडंथोडकं नव्हे. वजनाच्या २० ते ४० टक्क्यांपर्यंत. ग्लिसरीन स्टार्चच्या लांबलचक साखळ्यांमध्ये शिरतं आणि त्यांना एकमेकींवरून सरकू देतं. फिल्म लवचिक होते खरी, पण तिची ताकद घटते आणि ओलावा शोषण्याची खोड वाढते.

इथे माती कामाला येते. कच्छमध्ये मुबलक सापडणाऱ्या बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे पापुद्रे जेमतेम एक नॅनोमीटर जाड असतात. रुंदी मात्र त्याच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त. टोयोटाच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात नायलॉनमध्ये हे पापुद्रे मिसळून ते बळकट केलं, तेव्हापासून या खनिजाचा बोलबाला आहे. नायलॉनसाठी मातीवर आधी रासायनिक संस्कार करावे लागले. स्टार्चला ते लागत नाहीत, कारण दोघांनाही पाण्याची ओढ. पापुद्रे सुटे होऊन पसरले, तर पाच टक्क्यांच्या आत माती घालूनही फिल्म ताणाला जास्त टिकते. शिवाय बाष्पाला सरळ आरपार जाता येत नाही, पापुद्र्यांना वळसे घालत जावं लागतं.

पण ‘सुटे होऊन’ यातच सगळी मेख आहे. गठ्ठे तसेच राहिले तर फिल्म तिथूनच फाटते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००५मध्ये दाखवलं, की कोणता घटक आधी घालायचा यानेही फरक पडतो. ग्लिसरीनचे रेणू लहान. म्हणून ते पापुद्र्यांमध्ये स्टार्चपेक्षा सहज शिरतात. स्टार्चमध्ये ते मातीच्या आधीच मिसळले, तर माती एकसारखी पसरत नाही आणि फिल्म ठिसूळ होते. आधी स्टार्च आणि माती, मग ग्लिसरीन, हा क्रम सर्वांत चांगला ठरला. इतक्या साध्या अदलाबदलीने एवढा फरक पडावा, हे गमतीचंच.

तरीही मातीने स्टार्चची तहान कमी होते, मिटत नाही. ओल्या पालेभाजीच्या जुडीपुढे अशी फिल्म टिकणार नाही. म्हणून बाजारातल्या कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांमध्ये स्टार्च बहुधा एकटा नसतो. त्याच्या जोडीला पीबीएटीसारखं विघटनशील पॉलिएस्टर असतं, आणि ते आजही मुख्यतः खनिज तेलापासूनच तयार होतं.