विषाणूच्याच हातून विषाणूचा घात

कमरेच्या किंवा छातीच्या एकाच बाजूला पाणीदार फोडांचा पट्टा उठतो, आग आग होते. ही नागीण. तिचा वेढा पूर्ण झाला की माणूस जातो, ही समजूत खोटी. वेदना मात्र जीव नकोसा करते. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि उतारवयात, प्रतिकारशक्ती खालावली की पुन्हा उठतो. ओठांवर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स त्याचाच भाऊबंद. या दोघांनाही रोखणारं ॲसायक्लोव्हिर ज्या युक्तीनं काम करतं, तिच्याइतकी देखणी युक्ती औषधशास्त्रात मला दुसरी दिसत नाही.

विषाणू पेशीत शिरतो तो आपल्या डीएनएच्या प्रती काढून घ्यायला. ॲसायक्लोव्हिर हे डीएनएच्या चार घटकांपैकी एकाची अपुरी नक्कल आहे. गोळी घेतली तरी ते आधी निष्क्रियच असतं. कामाला लागण्यासाठी त्याला फॉस्फेटचे तीन गट जोडले जावे लागतात, आणि त्यातला पहिला आपल्या निरोगी पेशी जवळजवळ जोडतच नाहीत. तो जोडतं विषाणूचं स्वतःचं एन्झाइम, थायमिडिन कायनेज! उरलेले दोन मग आपल्या पेशीतली एन्झाइम्स जोडतात. म्हणजे विषाणू जिथे कामात गुंतलाय, तिथेच औषध जागं होतं. शेजारच्या निरोगी पेशीला त्याचा फारसा पत्ताही लागत नाही.

मग डीएनएच्या प्रती काढणारं विषाणूचं एन्झाइम, पॉलिमरेज, खरा घटक समजून ही नक्कल डीएनएच्या साखळीत ओवतं. पण पुढचा घटक जोडायला लागणारा हायड्रॉक्सिल गट तिच्यात नाहीच. मागे हूक नसलेला डबा लागावा, तशी गाडी तिथेच खुंटते. पॉलिमरेजसुद्धा त्या टोकाला अडकून बसतं.

हे औषध घडलं 1970च्या दशकात, अमेरिकेतल्या बरोज वेलकम कंपनीत. हॉवर्ड शेफर यांच्या गटानं रेणू घडवला, गर्ट्रूड एलियन यांच्या गटानं त्याची करणी उलगडली. बाई म्हणून प्रयोगशाळांनी नाकारलेल्या, पीएचडी पूर्ण न झालेल्या एलियन 1988च्या नोबेलच्या मानकरी ठरल्या.

झोपलेल्या विषाणूपुढे मात्र हे औषध हतबल आहे. तो प्रतीच काढत नाही, तर अडवायचं काय? म्हणून वेळेला महत्त्व. नागिणीचे फोड दिसले तर उतारे, लेप यांत दिवस घालवू नका. 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, आणि फोड डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी.