किनुयो तानाका : अभिनयातून दिग्दर्शनाकडे
लेखमाला : कॅमेऱ्यामागच्या (लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात आपण आयडा लुपिनोची कामगिरी पाहिली. तिचा ‘द हिच-हायकर’ अमेरिकेत प्रदर्शित झाला ते वर्ष १९५३. त्याच वर्षी डिसेंबरात जपानमध्ये ‘कोइबुमी’ म्हणजे ‘प्रेमपत्र’ नावाचा चित्रपट लागला. दिग्दर्शक म्हणून पडद्यावर नाव होतं किनुयो तानाका. जपानी प्रेक्षक हे नाव तीस वर्षं ओळखत होता, पण नायिकेचं नाव म्हणून. देशातल्या सर्वांत लाडक्या नटीने वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी दिग्दर्शनाला हात घातला आणि पुढच्या नऊ वर्षांत सहा चित्रपट केले. त्यांचं महत्त्व ‘एका बाईने केलेले चित्रपट’ एवढ्यापुरतं नाही. युद्धात हरलेल्या देशाने ज्या स्त्रियांकडे पाठ फिरवली, त्यांची बाजू एवढ्या स्पष्टपणे मांडणारे चित्रपट त्या काळात फार थोडे झाले.

चौदाव्या वर्षी स्टुडिओत

तानाका यांचा जन्म नोव्हेंबर १९०९ मधला, जपानच्या पश्चिम टोकाजवळच्या शिमोनोसेकी या बंदराच्या शहरातला. वडील लवकर गेले, घर खालावलं आणि कुटुंब ओसाकाला आलं. बिवा या तंतुवाद्याचं शिक्षण घेतलेली ही मुलगी तिथे मुलींच्या संगीत नाटक मंडळीत उभी राहू लागली. १९२४ मध्ये, म्हणजे जेमतेम चौदा वर्षांची असताना, ती शोचिकू या मोठ्या चित्रपट कंपनीत दाखल झाली.

तिथून पुढचा प्रवास म्हणजे जपानी सिनेमाचाच इतिहास आहे. १९३१ मध्ये हेइनोसुके गोशो यांनी ‘शेजाऱ्याची बायको आणि माझी’ केला. जपानचा पहिला खराखुरा बोलपट म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या नायिका तानाका. यासुजिरो ओझूंच्या ‘ड्रॅगनेट गर्ल’मध्ये (१९३३) गुंडाची प्रेयसी तानाका. १९३८ मध्ये ‘आइझेन कात्सुरा’ने सगळ्या जपानला रडवलं. त्यातली लेकुरवाळी विधवा परिचारिकाही तानाकाच.

१९४४ चा केइसुके किनोशितांचा ‘सैन्य’ हा चित्रपट तर लष्कराच्या प्रचारासाठी काढलेला. शेवटच्या प्रसंगात मुलगा आघाडीवर निघतो आणि आई गर्दीतून वाट काढत त्याच्या पलटणीमागे धावते. देशासाठी मुलगा देणाऱ्या मातेचा अभिमान पडद्यावर दिसावा, अशी अपेक्षा होती. तानाकांच्या चेहऱ्यावर प्रेक्षकांनी पाहिली ती मूल गमावणाऱ्या आईची तडफड. त्यासाठी त्यांना संवादाची गरज पडली नाही. लष्करी अधिकारी संतापले आणि युद्ध संपेपर्यंत किनोशितांना दुसरा चित्रपट करता आला नाही. नटीचा चेहरा संहितेचा अर्थ कसा फिरवू शकतो, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण माझ्यापाशी नाही.

काळा चष्मा आणि वर्तमानपत्रं

ऑक्टोबर १९४९ मध्ये सदिच्छा दूत म्हणून त्या अमेरिकेला गेल्या. जाताना किमोनो होता. तीन महिन्यांनी परतल्या तेव्हा अंगावर पाश्चात्त्य पोशाख, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि स्वागताला जमलेल्यांच्या दिशेने हवेत उडवलेली चुंबनं. जपानवर तेव्हा अमेरिकी सैन्याचा अंमल होता. वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडली. आपली साधी, सोशिक नायिका जेत्यांची झाली, असा ओरडा झाला. वय झालं, आता बाजूला व्हावं, असंही छापून आलं. तानाका त्या दिवसांत पार खचल्या होत्या.

त्यांना सावरलं केंजी मिझोगुचींच्या चित्रपटांनी. ‘ओहारूची कहाणी’मध्ये (१९५२) राजवाड्यातल्या सेविकेपासून रस्त्यावरच्या वेश्येपर्यंत घसरत गेलेलं एक आख्खं आयुष्य त्यांनी उभं केलं. पाठोपाठ ‘उगेत्सु’ (१९५३) आणि ‘सान्शो’ (१९५४) आले. तिन्ही चित्रपटांना व्हेनिसच्या महोत्सवात पारितोषिकं मिळाली. याच वर्षांत, अभिनयाच्या शिखरावर असताना, त्यांनी ठरवलं, आता दिग्दर्शन करायचं.

बंद असलेली वाट

हे ठरवणं किती अवघड होतं ते समजायला जपानी स्टुडिओंची रीत माहीत हवी. मोठ्या कंपन्या पदवीधर तरुणांना सहायक दिग्दर्शक म्हणून घेत. हे तरुण वर्षानुवर्षं एखाद्या दिग्दर्शकाच्या हाताखाली राबत, पटकथा लिहायला शिकत आणि मग कधीतरी त्यांना स्वतंत्र चित्रपट मिळे. ही पायरी बायकांसाठी नव्हतीच. तानाकांच्या आधी जपानमध्ये कथापट दिग्दर्शित करणारी एकच स्त्री झाली होती. तिचं नाव ताझुको साकाने. मिझोगुचींच्या हाताखाली काम केलेल्या साकानेंना १९३६ मध्ये एक कथापट करता आला, पुन्हा संधी मिळाली नाही.

तानाकांनी प्रसिद्धीच्या बळावर थेट खुर्चीत बसायचं नाकारलं. मिकिओ नारुसेंच्या १९५३ च्या ‘थोरला भाऊ, धाकटी बहीण’ या चित्रपटावर त्या सहायक म्हणून राबल्या. एवढ्या मोठ्या तारकेने उमेदवारी करावी हे त्या काळात नवल होतं. मग किनोशितांनी त्यांना पहिल्या चित्रपटाची पटकथा लिहून दिली.

‘प्रेमपत्र’ : बोट कुणी दाखवायचं?

‘कोइबुमी’ची कथा टोकिओच्या शिबुया भागात घडते. अमेरिकी सैनिकांबरोबर राहिलेल्या जपानी बायका, ते सैनिक मायदेशी गेल्यावर, पैशांसाठी त्यांना पत्रं पाठवत. इंग्रजी येत नसल्याने ती पत्रं लिहून देणारे लोक तिथल्या एका बोळात बसत. युद्धातून परतलेला, मनाने मोडलेला नायक हेच काम करतो. एके दिवशी पत्र लिहून घ्यायला त्याची जुनी प्रेयसीच येते. तो तिला अद्वातद्वा बोलतो.

मसायुकी मोरी आणि योशिको कुगा यांच्या या प्रसंगात दिग्दर्शिका कुणाच्या बाजूने आहे ते लपत नाही. पुढे नायकाचा मित्रच त्याला सुनावतो की युद्धाचा दोष सगळ्यांच्या माथी आहे. या बायकांना दगड मारण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाच नाही. काळ्या चष्म्यावरून ज्या बाईला सगळ्या देशाने फटकारलं होतं, तिने जवळपास चार वर्षांनी देशाला दिलेलं हे उत्तर होतं. १९५४ च्या कान महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता.

मिझोगुचींचा विरोध, ओझूंची साथ

दुसऱ्या चित्रपटाची, ‘चंद्र उगवला’ची, पटकथा ओझूंनी सहलेखकाबरोबर लिहिलेली होती. निक्कात्सु कंपनी तो काढणार होती. पण इतर पाच बड्या कंपन्यांनी आपले कलावंत निक्कात्सुला द्यायचे नाहीत असा करार केला होता, त्यात हा चित्रपट अडकला. दुसरा अडथळा मिझोगुचींचा; ते दिग्दर्शक संघटनेचे अध्यक्ष होते. तानाकांच्या जिवावर ज्यांनी पडद्यावर एवढ्या स्त्रिया जिवंत केल्या, त्या मिझोगुचींनी त्यांच्या दिग्दर्शनाला उघड विरोध केला. ओझू मात्र ठाम पाठीशी राहिले आणि १९५५ च्या जानेवारीत चित्रपट लागला. मिझोगुची आणि तानाका यांनी १९५४ नंतर पुन्हा कधीही एकत्र काम केलं नाही. मिझोगुची थोर दिग्दर्शक होते हे खरं, आणि या बाबतीत ते चुकले हेही तितकंच खरं.

सर्वोत्तम चित्रपट

१९५५ च्याच नोव्हेंबरात ‘चिबुसा यो एइएन नारे’ म्हणजे ‘स्तनांनो, चिरंतन व्हा’ आला. माझ्या मते हा तानाकांचा सर्वोत्तम चित्रपट. तांका या जपानी काव्यप्रकारात लिहिणारी होक्काइदोची कवयित्री फुमिको नाकाजो १९५४ मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेली. तिच्या आयुष्यावर हा चित्रपट बेतला आहे. पटकथा सुमिए तानाका या लेखिकेची. दोघींचं आडनाव एक, नातं नाही.

नायिका घटस्फोटित आहे, दोन मुलांची आई आहे, कविता करते आहे. आजार कळतो, शस्त्रक्रिया होते. इथे बहुतेक दिग्दर्शकांनी तिला देवी करून टाकलं असतं. तानाका तिला हट्टी, रागीट आणि प्रेमासाठी आसुसलेली राहू देतात. एका प्रसंगात ती मैत्रिणीच्या घरी न्हाणीत उतरते आणि शस्त्रक्रियेनंतरचं आपलं शरीर मैत्रिणीला मुद्दाम पाहायला लावते. मुलाखतीला आलेल्या तरुण पत्रकारावर ती रुग्णालयातच जीव लावते आणि ते प्रेम मागून घेते. १९५५ साली, आजारी बाईच्या देहाची इच्छा एवढ्या सरळपणे पडद्यावर आणणं हे धाडसाचं काम होतं. छाती काढल्यावर बाईचं बाईपण संपत नाही, हे ठणकावून सांगणारा हा चित्रपट आजच्या कोणत्याही कर्करोग रुग्णालयात दाखवावा असा आहे.

शेवटचे तीन

पुढच्या तीन चित्रपटांची धावती ओळख करून घेऊ. १९६० चा ‘भटकी राजकन्या’ रंगीत होता. मांचुरियाच्या बाहुल्या सम्राटाच्या भावाशी लग्न लावून दिलेल्या जपानी उमराव घराण्यातल्या मुलीची ती कथा. १९६१ च्या ‘रात्रीच्या स्त्रिया’मागे १९५६ चा वेश्याव्यवसायबंदीचा कायदा आहे. कायदा तर झाला, पण सुधारगृहातून बाहेर पडलेल्या मुलीला काम कोण देणार आणि शेजारी कोण राहू देणार, हा त्या चित्रपटाचा प्रश्न. १९६२ चा ‘ओगिन-सामा’ सोळाव्या शतकात, चहासमारंभाचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्या घरात घडतो. त्याची निर्मिती ‘निंजिन क्लब’ची. ही संस्था केइको किशी, योशिको कुगा आणि इनेको आरिमा या तीन अभिनेत्रींनी काढली होती. ओगिनची भूमिका आरिमांनीच केली.

यानंतर तानाका दिग्दर्शनाकडे वळल्या नाहीत, अभिनय करत राहिल्या. ‘सान्दाकान नंबर ८’ (१९७४) मध्ये, परदेशी कुंटणखान्यात विकल्या गेलेल्या आणि म्हातारपणी गावाबाहेर एकट्या राहिलेल्या स्त्रीची भूमिका त्यांनी केली. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात त्यासाठी सर्वोत्तम अभिनेत्रीचा मान त्यांना मिळाला. मार्च १९७७ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज त्यांचं स्थान

त्यांच्या भूमिका जगभर पाहिल्या गेल्या, पण दिग्दर्शित केलेले चित्रपट जपानबाहेर बराच काळ दुर्मीळ राहिले. २०२१ मध्ये सहाही चित्रपटांच्या दुरुस्त प्रती फ्रान्समध्ये ल्यों इथल्या ल्युमिएर महोत्सवात दाखवल्या गेल्या आणि समीक्षकांना जपानी सिनेमाच्या सुवर्णकाळाची यादी पुन्हा तपासावी लागली. त्या यादीत ओझू, मिझोगुची आणि नारुसे यांच्या पंगतीला दिग्दर्शक म्हणून तानाकांचं पान मांडायलाच हवं.

आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांना एक विनंती. जपानी चित्रपटांचा पुढचा महोत्सव आखाल तेव्हा ‘उगेत्सु’च्या जोडीला ‘चिबुसा यो एइएन नारे’ अवश्य ठेवा. आणि वाचकहो, तानाकांची सुरुवात ‘कोइबुमी’पासून करा.

पुढच्या आठवड्यात : १९५० मध्ये मुंबईत ‘हमारी बेटी’ दिग्दर्शित करून लेक नूतनला पडद्यावर आणणाऱ्या शोभना समर्थ.