आधी ट्रेलर, मग बोट

ऑकलंडमध्ये बोट घ्यायला निघालेला माणूस आधी इंजिनाचे हॉर्सपॉवर विचारतो, मग बोटीची लांबी, मग मासे शोधणारं यंत्र कुठल्या कंपनीचं आहे ते. ट्रेलरचा विषय निघतो तो अगदी शेवटी, ‘ट्रेलरसकट किती?’ एवढ्यापुरता. पण न्यूझीलंडमधल्या बहुतेक खासगी मोटारबोटी मरीनात राहत नाहीत. त्या घराशेजारी ट्रेलरवर उभ्या असतात, सुट्टीच्या दिवशी गाडीला जोडून रॅम्पवर जातात आणि संध्याकाळी परत येतात. अशी बोट वर्षातले मोजके दिवस पाण्यावर असते, बाकी सगळा काळ ट्रेलरवर. पाणी तिला तळाच्या प्रत्येक इंचावर उचलून धरतं, ट्रेलर मात्र काही ठरावीक जागीच टेकू देतो. तो टेकू चुकीच्या जागी पडला, तर समुद्रात न जाताही बोट खराब होते. आणि रस्त्यात ट्रेलरनं दगा दिला, तर मागच्या गाडीतली माणसंही संकटात येतात.

माझे एक मित्र मूळचे मालवणचे. त्यांनी आणि वहिनींनी साडेपाच मीटरची ॲल्युमिनियमची बोट पसंत केली आणि ट्रेलर निवडायला मला सोबत नेलं. बोटी चढवण्या-उतरवण्याच्या कामाला मी इथे बरीच वर्षं हात लावत आलो आहे. बोट पाहण्यात गेला त्यापेक्षा जास्त वेळ ट्रेलर निवडण्यात गेला, आणि तसाच तो जायला हवा असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात वजनापासून. विक्रीच्या पत्रकात बोटीचं जे वजन छापलेलं असतं ते बहुतेक वेळा रिकाम्या सांगाड्याचं असतं. वहिनींनी वहीत एकेक आकडा लिहायला घेतला. सांगाडा ५५० किलो. नव्वद हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन १६५ किलोच्या आसपास. शंभर लिटरची टाकी भरली तर पेट्रोल ७५ किलो, कारण एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरतं. बॅटरी, नांगर आणि त्याची साखळी, बर्फाची पेटी, लाइफ जॅकेट, गळ, दोर, पाण्याचे कॅन धरून आणखी १६०. बेरीज ९५० झाली.

“गाडी दीड टन ओढते. मग काळजी कसली?” मित्र म्हणाले.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या, “ट्रेलर स्वतः काही हवेत तरंगत नाही. त्याचे साडेतीनशे धरा.”

तेराशे किलो. वहिनींनी गाडीचं पुस्तक सोबत आणलं होतं, त्यात दोन आकडे होते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर १५०० किलो, नसतील तर ७५०. हा दुसरा आकडा फार कमी लोक वाचतात. न्यूझीलंडच्या नियमानुसार भरलेल्या ट्रेलरचं वजन २००० किलोपर्यंत असेल तर त्याला ब्रेक असलेच पाहिजेत असं नाही. ताशी ३० किलोमीटरच्या वेगात ब्रेक दाबल्यावर गाडी आणि ट्रेलर ७ मीटरच्या आत थांबले म्हणजे झालं. पण गाडी बनवणाऱ्यानं घातलेली मर्यादा त्याच्या कितीतरी आधी आडवी येते. तेव्हा ब्रेक नसलेला ट्रेलर तिथेच बाद झाला. ट्रेलरवर ठोकलेल्या पट्टीवरची क्षमताही वाचली. तेराशे किलो भरणार असतील तर तेराशेचाच ट्रेलर घेऊ नये, वर निदान दोनशे किलोंची सवड हवी. बोटीत सामान वाढतच जातं, कमी होत नाही. आणि कागदावरची बेरीज कितीही नीट केली तरी बोट ताब्यात आल्यावर एकदा सगळ्या सामानासकट वजनकाट्यावर नेऊन खरं वजन करून घ्यावंच.

एकूण वजनाइतकंच महत्त्वाचं असतं गाडीच्या टोबॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या गोळ्यावर, किती भार येतो ते. ढोबळमानानं एकूण वजनाच्या दहा टक्के, म्हणजे इथे १३० किलो. हा भार कमी पडला तर ट्रेलरचं शेपूट वेगात डावी-उजवीकडे झुलू लागतं आणि ते झुलणं गाडीलाही ओढून नेतं. जास्त झाला तर गाडीचा मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंगची पकड सुटते. गाडीच्या पुस्तकात टोबॉलची स्वतंत्र मर्यादाही दिलेली असते. मित्रांच्या गाडीची १५० होती.

ट्रेलरच्या यार्डातल्या कारागिरानं हा भार आमच्यासमोर मोजला. सपाट जागेवर बोटीसकट ट्रेलर उभा केला, चाकांना अडण्या लावल्या, टोबॉलवर बसणाऱ्या त्याच्या पुढच्या टोकाखाली, म्हणजे कपलिंगखाली, लाकडी ठोकळा आणि ठोकळ्याखाली साधा वजनाचा काटा ठेवला. काट्यानं सत्तर दाखवले. इंजिन अगदी मागे असल्यामुळे बोटीचा तोल मागे जात होता. बोट पुढे सरकवली की भार वाढला असता, पण कारागिरानं मान हलवली. बोटीची मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, ट्रेलरच्या आधारपट्ट्यांच्या शेवटाशी बरोबर जुळलेली होती आणि ती जुळणी त्याला मोडायची नव्हती. त्यानं बोट जॅकवर तोलून धरली, एक्सलचे यू-बोल्ट सैल केले आणि एक्सल जवळजवळ वीतभर मागे घेतला. मग कपलिंगपासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप धरला, कारण ही दोन अंतरं सारखी नसतील तर ट्रेलर रस्त्यावर तिरका चालतो आणि टायर एका कडेनं झिजतात. बोल्ट आवळून पुन्हा काटा लावला तेव्हा १२५ आले. गणित न मांडता, नुसत्या अंदाजावर त्यानं हे साधलं. त्या हातांचं मला मनापासून कौतुक वाटलं.

ट्रान्सम आणि आधारपट्टी जुळलेली असणं इतकं महत्त्वाचं का? सगळं इंजिन ट्रान्समवर टांगलेलं असतं. त्याखाली आधार नसेल तर ते १६५ किलो रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात अधांतरी हिसके खातात आणि तळ हळूहळू वाकतो. फायबरच्या बोटीत हा बाक आला की ती पाण्यावर पूर्वीसारखी धावत नाही. मित्रांना हे सांगावं लागलं नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांची मासेमारी बंद असते, त्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि त्यांना ओंडक्यांचे टेकू दिले जातात. टेकू कुठे द्यायचा आणि कुठे द्यायचा नाही यावरून वडीलधाऱ्यांची बोलणी ऐकत ते मोठे झाले होते.

आधाराचे मुख्य प्रकार दोन, रोलर आणि लांब पट्ट्या. रोलरवरून बोट सहज घरंगळते, त्यामुळे उतार कमी असलेल्या रॅम्पवर ट्रेलरची चाकं फारशी न बुडवताही ती पाण्यात सोडता येते. पण रोलर टेकतो तो छोट्या जागेवर, आणि सगळा भार तिथे एकवटतो. पट्ट्यांवर भार पसरतो, बोट स्थिर बसते, मात्र चढवताना ट्रेलर जास्त खोल न्यावा लागतो. ऑकलंडच्या बंदरात भरती-ओहोटीचा फरक तीन मीटरच्या आसपास जातो. ओहोटीला काही रॅम्पचं काँक्रीट संपतं आणि ट्रेलर आणखी मागे घेतला तर चाक कडेवरून खाली उतरतं. म्हणून आपण नेहमी कुठल्या रॅम्पवर आणि भरतीच्या कुठल्या वेळी जाणार, हे ट्रेलर घेण्याआधीच ठरलेलं असावं. आम्ही मध्यभागी तळाच्या कण्याखाली रोलर आणि दोन्ही बाजूंना पॉलिथिनच्या पट्ट्या अशी जोडणी घेतली. कण्याखालच्या रोलरनी भार पेलायचा, पट्ट्यांनी बोट सावरून धरायची.

दुकानात गालिचा लावलेल्या लाकडी पट्ट्यांचा स्वस्त ट्रेलरही होता. ॲल्युमिनियमच्या बोटीला तो मुळीच घेऊ नये. लाकूड कुजू नये म्हणून त्यात तांब्याचे क्षार मुरवलेले असतात, गालिचा खारं पाणी धरून ठेवतो, आणि तांबं, मीठ व ओल एकत्र आली की ॲल्युमिनियमला बारीक भोकं पडू लागतात. हे सगळं बोटीच्या तळाशी, नजरेआड चालतं.

खारं पाणी ट्रेलरचाही तितकाच शत्रू आहे. रंग दिलेलं लोखंड इथे टिकत नाही. घडवून झालेला सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला हवा, म्हणजे आतल्या बाजूलाही मुलामा बसतो. जुना ट्रेलर घेताना चौकोनी नळीच्या आत टॉर्च मारावा, कारण ती बाहेरून चकचकीत आणि आतून पोखरलेली असू शकते. स्प्रिंगच्या पाट्यांमधल्या फटी पाहाव्यात, यू-बोल्टची आट्यांची बाजू पाहावी. टायरची नक्षी पाहून समाधान मानू नये. बोटीचा ट्रेलर कमी चालतो, त्यामुळे नक्षी तशीच राहते आणि रबर उन्हानं मरतं. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या तर टायर बदलायचाच.

त्याच यार्डात दुरुस्तीला आलेल्या एका ट्रेलरचं हब उघडलं जात होतं. टोपी काढली तर ग्रीस दुधाळ, करडं झालेलं. बेअरिंग पुसून हातात दिलं तेव्हा त्याच्या पोलादी रोलरांवर खड्डे पडलेले दिसले आणि एका बाजूला तापून आलेली निळसर झाक. लांबून आल्यावर हब तापलेलं असतं. तसंच ते थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. मग परतीच्या वाटेवर कधीतरी चाक जाम होतं. म्हणून रॅम्पवर पोचल्यावर बोट तयार करायचं काम आधी उरकावं, हब निवू द्यावं, मगच ट्रेलर पाण्यात घालावा. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं ट्रेलर धुवावा, ब्रेकसुद्धा. निवडतानाच बेअरिंग सहज उघडता येईल, ग्रीस भरता येईल आणि तोच आकार कुठल्याही दुकानात मिळेल हे बघून घ्यावं.

एक एक्सल की दोन, यावर मित्र अडले होते. दोन एक्सलचा ट्रेलर हायवेवर शांत चालतो आणि एक टायर गेला तरी निभावतो. पण त्यात बेअरिंग, टायर, ब्रेक सगळं दुप्पट, आणि घरापुढच्या अरुंद जागेत तो हातानं वळवणं जवळजवळ अशक्य. तेराशे किलोंना एक एक्सल पुरतो. एकच एक्सल घेतला आणि वाचलेल्या पैशांत जास्त भार पेलणारे टायर, स्टेपनी आणि स्टेनलेस डिस्कचे ब्रेक. ब्रेक ढकलीवर चालणारे आहेत. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, कपलिंग आत सरकतं आणि त्या दाबानं ब्रेक लागतात.

एका बारीक गोष्टीवर मी अडून बसलो. इथे टोबॉलचे दोन आकार चालतात, ५० मिलिमीटर आणि पावणेदोन इंचांहून थोडा मोठा, म्हणजे ४७.६ मिलिमीटर. डोळ्यांना फरक कळत नाही. पन्नासचं कपलिंग लहान बॉलवर बसतंही, लॉकही होतं, आणि एखाद्या उंचवट्यावर उडून सुटू शकतं. आकार बॉलवर आणि कपलिंगवर कोरलेला असतो. तो बोटानं चाचपून वाचावा, आणि ज्यांना गाडी किंवा ट्रेलर उसना देतो त्यांनाही वाचायला लावावा.

अलीकडे निवडीत आणखी एक कसोटी आली आहे, स्वच्छतेची. २०२१ साली ग्रेट बॅरियर बेटाजवळ कॉलर्पा नावाचं परदेशी समुद्रशेवाळ सापडलं. ते तळ व्यापत जातं आणि त्याचा छोटा तुकडाही नव्या जागी रुजतो. तुकडे नांगराला, साखळीला, दोराला चिकटून येतात आणि ट्रेलरच्या फटींतही अडकू शकतात. उघड्या, धुता येणाऱ्या रचनेचा ट्रेलर निवडणं हे आता आपल्या खिशापुरतं राहिलेलं नाही. ज्या पाण्यात आपण जातो त्याच्याशी असलेलं ते कर्तव्य आहे.

ट्रेलर जोडलेला असताना इथे ताशी ९० किलोमीटरची मर्यादा आहे. पहिल्या फेरीला मित्र ऐंशीनं चालले आणि ट्रेलर सरळ रेषेत मागून येत राहिला. पैसे कमी पडले तर काय करावं, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. मी सांगतो, अर्धा मीटर लहान बोट घ्या, कमी ताकदीचं इंजिन घ्या, यंत्रं पुढच्या वर्षी बसवा. लहान बोटीतून आनंदानं मासेमारी करणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. भारापेक्षा कमी क्षमतेच्या ट्रेलरवर मोठी बोट लादून निश्चिंतपणे गाडी चालवणारा मात्र मला अजून भेटलेला नाही.