शब्दांचे धनी

लोहारा हे धाराशिव जिल्ह्यातील एका तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. अशा गावी परीक्षेचा हंगाम जवळ आला, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानांतून शिक्षकांची ये-जा वाढते. कोणाला प्रश्नपत्रिकेच्या प्रती हव्या असतात, तर कोणाला एखाद्या कथेतील उतारा वर्गात वाटावयाचा असतो. यंत्र क्षणार्धात काम करते. कागद दुकानदाराचा, शाई यंत्रातील आणि दाम शिक्षकाने मोजलेले. परंतु त्या कागदावर उमटलेले शब्द कोणाच्या मालकीचे?

शेतातील ज्वारीची कणसे कोणी कापून नेली, तर शेत रिकामे दिसते आणि चोरी तत्काळ उघडकीस येते. पुस्तकातील मजकूर उतरून घेतला, तर पुस्तक होते तसेच राहते; म्हणून कोणाचे काही गेले, असे वाटत नाही. पण त्या पुस्तकामागे लेखकाचे कित्येक महिन्यांचे, क्वचित वर्षांचे श्रम असतात. पुस्तक विकले गेले, तरच त्या श्रमांचा मोबदला त्याच्या हाती पडतो. जो तो फुकट प्रती काढू लागला, तर लेखकाने लिहावे कसे आणि प्रकाशकाने छापावे कसे?

पूर्वी हा प्रश्न उद्भवत नसे. पोथ्या हाताने उतरून काढीत आणि ते पुण्यकर्म मानले जाई. पुढे छापखाने आले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले. एका हस्तलिखिताच्या शेकडो प्रती थोड्या दिवसांत निघू लागल्या. ज्ञान घरोघर पोहोचले. पण त्याबरोबरच दुसऱ्याच्या श्रमांवर पैसा मिळविणेही सोपे झाले. म्हणून कायद्याची गरज भासली. स्वतंत्र भारताने १९५७ साली असा कायदा केला व तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. लोहारा तेव्हा मुंबई राज्यात होते. ह्या कायद्याने लेखकाला मिळालेल्या अधिकारास स्वामित्वहक्क किंवा कॉपीराइट असे म्हणतात.

हा हक्क लेखकाला हयातभर असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांना साठ वर्षे मिळतो. मूळ कायद्यात ही मुदत पन्नास वर्षांची होती. १९९२ सालच्या दुरुस्तीने ती वाढविण्यात आली. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी निवर्तले. वर्षांची मोजणी पुढील जानेवारीपासून होत असल्याने त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांवरील हक्क २०१० च्या अखेरीस संपला. ती पुस्तके आता साऱ्या समाजाची झाली आहेत.

हक्क असतो तो शब्दरचनेवर, माहितीवर नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात मोठा भूकंप झाला. लोहारा तालुक्यातील सास्तूर गावालाही त्याचा जबर तडाखा बसला. ही घटना कोणाच्याही मालकीची नाही. तिच्यावर कोणीही लिहावे. मात्र एखाद्या लेखकाने तिचे ज्या वाक्यांत वर्णन केले असेल, ती वाक्ये त्याची होत.

मग उतारा घेऊन आलेल्या शिक्षकाने काय करावे? कायद्याने त्याची अडचण ओळखली आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने मजकुराची प्रत काढली, तर हक्काचा भंग होत नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा छापण्यास आणि उत्तरात तो उद्धृत करण्यासही मोकळीक आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांनी नाटक केले आणि ते पाहण्यास शिक्षक, विद्यार्थी व पालक जमले, तर तेथेही आडकाठी नाही. परंतु साऱ्या गावाला बोलावून तिकीट लावले, तर नाटककाराची परवानगी घ्यावी लागते. अंध विद्यार्थ्यांना पुस्तके ब्रेल लिपीत मिळावीत, म्हणून २०१२ साली आणखी एक सवलत देण्यात आली.

ही मोकळीक कोठवर पोहोचते, ह्याचा कस दिल्लीत लागला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस ह्या दुकानात निरनिराळ्या पुस्तकांतील नेमलेल्या भागांच्या प्रती एकत्र बांधून विद्यार्थ्यांना मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज इत्यादी प्रकाशकांनी २०१२ साली त्याविरुद्ध दावा लावला. आपल्या पुस्तकांचा खप बुडतो, अशी त्यांची तक्रार होती. इतकी महाग पुस्तके विकत घेणे शक्य नाही, असे विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंना काही आधार होता. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने स्पष्ट केले, की शिक्षणाच्या हेतूला जेवढा भाग आवश्यक असेल, तेवढ्याची प्रत काढता येते. पुढे २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

न्यायालयाच्या ह्या शब्दांत मोकळीक आहे, तशीच मर्यादाही आहे. वर्गात शिकविण्यासाठी चार पृष्ठांची प्रत काढणे वेगळे आणि संपूर्ण कथासंग्रहाच्या प्रती काढून बाजारात विकणे वेगळे. पहिले अध्यापन होय. दुसरा परक्या मालाचा व्यापार होय, आणि त्यासाठी कारावासाची व दंडाची शिक्षा सांगितली आहे. शिवाय उताऱ्याखाली लेखकाचे नाव लिहिण्यास कधीही विसरू नये. हक्क दुसऱ्यास विकला, तरी आपल्या कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा लेखकाचा अधिकार कायम राहतो.

हा हक्क केवळ थोरामोठ्यांचा आहे, असे मात्र नाही. त्यासाठी कोठे नोंदणी करावी लागत नाही. लोहाऱ्यातील एखाद्या मुलीने वहीत स्वतःच्या मनाने चार ओळींची कविता लिहिली, की त्या क्षणापासून ती त्या ओळींची धनीण होते. ती कविता छापावयाची झाल्यास तिला विचारले पाहिजे आणि कवितेखाली तिचेच नाव आले पाहिजे. आपल्या ओळींखाली दुसऱ्याचे नाव पाहून तिला जे वाटेल, तेच प्रत्येक लेखकाला वाटते. एवढे ध्यानी ठेवले, म्हणजे कायद्याचे मर्म समजले असे म्हणता येईल.