घामाचे दाम : बुटांच्या कारखान्यापासून उसाच्या फडापर्यंत



शाळेच्या क्रीडा स्पर्धा जवळ आल्या की घरोघरी एकच मागणी सुरू होते : "मला तसलेच बूट पाहिजेत." तसलेच म्हणजे टीव्हीवरच्या खेळाडूच्या पायात असतात तसले, बाजूला कंपनीची खूण असलेले. आपण किंमत विचारतो, घासाघीस करतो, परवडले तर घेतो. पण हे बूट शिवले कुणी, आणि त्या माणसाच्या हातात काय पडले, हे सहसा कुणी विचारत नाही. आजचा पाठ या प्रश्नाचा आहे. तो सुरू होतो परदेशात, पण संपतो आपल्या शिवारात. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

स्वेटशॉप म्हणजे काय?

इंग्रजीत 'स्वेट' म्हणजे घाम. माणसाचा घाम पिळून माल काढणारा कारखाना तो स्वेटशॉप. कारखाना लहान आहे म्हणून तो स्वेटशॉप होत नाही. पोट भरणार नाही इतकी मजुरी, सक्तीचे जादा तास, कोंदट किंवा धोक्याची जागा, तक्रार केली की काम बंद, आणि कधी कधी शाळेच्या वयाची मुले कामाला. ही लक्षणे दिसली की समजायचे.

असे का होते? खेळाचे बूट विकणारी मोठी कंपनी बहुधा बूट स्वतः बनवत नाही. ती नमुना तयार करते, जाहिरात करते आणि बनवण्याचे काम दुसऱ्या देशातल्या ठेकेदाराला देते. ठेकेदार त्यातला काही भाग पोटठेकेदाराला देतो, पोटठेकेदार घरोघरी वाटतो. वरून दर पाडला की प्रत्येक जण तो खाली ढकलतो. शेवटी ज्याला खाली ढकलायला कुणीच उरत नाही, त्याच्या अंगावर सगळा भार येतो. आणि वरची कंपनी म्हणते, "ते आमचे कामगार नाहीतच!"

नाइकीचे उदाहरण

नाइकी ही कंपनी जगाला माहीत आहे. तिचे बूट आधी जपानमध्ये, मग दक्षिण कोरिया आणि तैवानमध्ये बनत. तिथे मजुरी वाढली तसे काम इंडोनेशिया, चीन, व्हिएतनाम इकडे सरकले. ऑगस्ट १९९२ मध्ये जेफ बॅलिंजर या कार्यकर्त्याने अमेरिकेतल्या हार्पर्स मासिकात इंडोनेशियातल्या एका कामगार मुलीची पगाराची चिठ्ठीच छापली. तिला तासाला जेमतेम १४ सेंट मिळत होते. अमेरिकेत त्या बुटाची किंमत होती ८० डॉलर.

हे गणित सातवीच्या वर्गात घालून बघा. ८० डॉलर म्हणजे ८००० सेंट. ८००० भागिले १४, म्हणजे सुमारे ५७१ तास. रोज दहा तास काम धरले तरी ५७ दिवस. एक जोड विकत घ्यायला बूट बनवणारीला जवळजवळ दोन महिने राबावे लागेल, तेही काही न खाता-पिता!

पुढे जून १९९६ मध्ये लाइफ मासिकात पाकिस्तानातल्या सियालकोट भागातला एक छायाचित्र-लेख आला. जेमतेम बारा वर्षांचा मुलगा नाइकीची खूण असलेला फुटबॉल हाताने शिवतो आहे. पारंपरिक फुटबॉलला ३२ तुकडे असतात, २० षटकोनी आणि १२ पंचकोनी. हे आपण भूमितीत शिकवतो. ते तुकडे एकमेकांना जोडणारी बोटे कुणाची, हे त्या फोटोने दाखवले. आणि हे फक्त शेजारच्या देशातले नाही बरं का! फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कुटुंबांनी आपल्याकडे जालंधरला हाच धंदा उभा केला, आणि तिथेही घरोघरी मुलांच्या हातांनी शिलाई होत आली होती.

ग्राहकांनी काय केले?

लोक दुकानांसमोर उभे राहिले. विद्यापीठांतले विद्यार्थी पुढे आले. त्यांच्या विद्यापीठाचे नाव छापलेले टी-शर्ट याच कंपन्या बनवून घेत होत्या. १९९८ मध्ये या विद्यार्थ्यांची देशभरची संघटना उभी राहिली. त्यांची मागणी साधी होती : आमच्या नावाचे कपडे कुठल्या कारखान्यात बनतात त्याची यादी द्या. यादी मिळाली की तिथे जाऊन बघता येते. यादीच नसेल तर कंपनी म्हणेल ते खरे.

१२ मे १९९८ रोजी नाइकीचे प्रमुख फिल नाइट यांना वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर मान्य करावे लागले, की आपल्या मालाचे नाव गुलामीच्या मजुरीशी आणि सक्तीच्या जादा कामाशी जोडले गेले आहे. बुटांच्या कारखान्यात १८ वर्षांखालील आणि कपड्यांच्या कारखान्यात १६ वर्षांखालील कुणाला नव्याने घेणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. २००५ मध्ये कंपनीने आपल्या ७०० हून अधिक कारखान्यांची यादी प्रसिद्ध केली. सगळे प्रश्न सुटले असे मुळीच नाही. मजुरीचा प्रश्न आजही आहे. पण 'ते आमचे कामगार नाहीत' हे उत्तर त्यानंतर चालेनासे झाले.

दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. १९९३ च्या सुमारास अमेरिकेत सिनेटर हार्किन यांचे एक विधेयक चर्चेत होते. मुलांनी बनवलेला माल देशात येऊ द्यायचा नाही, असे ते विधेयक. ते मंजूर झाले नव्हते, तरी नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कपडे-कारखान्यांनी हजारो मुलांना एका फटक्यात काढून टाकले. ती मुले शाळेत गेली का? नाही. पुष्कळशी दगड फोडायला, रस्त्यावर माल विकायला गेली. आगीतून फुफाट्यात! मग १९९५ मध्ये कारखानदार, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी करार केला, की मुलाला कामावरून काढायचे तर त्याला शाळा आणि कुटुंबाला थोडा आधार द्यायचा. म्हणजे काय? नुसता बहिष्कार टाकून आपले हात स्वच्छ होतात, पण मुलाचे भले होईलच असे नाही. प्रश्न विचारायचा, आणि पर्यायही मागायचा.

आता आपल्या गावाकडे

आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, असे होऊ नये.

निमगाव केतकीत दरवर्षी आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी मुक्कामाला असते. आपण वारकऱ्यांना भाकरी देतो, पाय चेपून देतो. त्याच इंदापूर-बारामती पट्ट्यात दिवाळी सरली की रस्त्याकडेला, कारखान्याच्या तळावर, कुणाच्या पडीक रानात कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडून ऊसतोड कामगार येतात. भवानीनगर, बिजवडी, माळेगाव, सोमेश्वरनगर. साखर कारखान्यांचा हा पट्टा. इथे कुणा एका कारखान्याकडे बोट दाखवायचे नाही. पद्धतच साऱ्या राज्यात तशी आहे.

ती पद्धत बुटांच्या साखळीसारखीच आहे, बघा. वर शीतपेये, बिस्किटे, मिठाई बनवणाऱ्या कंपन्या. त्यांना साखर देणारे कारखाने. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. मुकादमाची टोळी. टोळीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. बाईचा स्वतंत्र हिशेब बहुधा कुठे नसतोच. हंगामाआधी मुकादम 'उचल' देतो, आणि ती ऊस तोडून फेडायची. एक दिवस काम चुकले की 'खाडा', त्याचे पैसे कापले जातात. कामगार कुणाचा असे विचारले, तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे.

आणखी एक गणित करू. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपये होते, त्याचे ३६६ झाले. समजा एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला. दोघांचे मिळून झाले ७३२ रुपये. समजा उचल घेतली होती १ लाख. १ लाख भागिले ७३२, म्हणजे १३७ दिवस. साडेचार महिने, एकही खाडा न करता! हंगाम तरी केवढा असतो? फार तर चार-पाच महिने. पाऊस झाला, गाळप लवकर संपले, कुणी आजारी पडले, की उचल अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा यावे लागते.

या एका गणितात पुष्कळ गोष्टींची उत्तरे आहेत. नऊ-दहा वर्षांची पोर शाळा सोडून कोपीत धाकट्याला का सांभाळते, मुलगा वाढे का गोळा करतो, पोरीचे लग्न लवकर का उरकतात. सगळे त्यात आले. २०१९ मध्ये राज्याने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा जणींमागे एक. दुखण्याने खाडा पडू नये, ही धास्ती त्यामागच्या कारणांपैकी एक. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर मोठा शोधवृत्तांत छापला, आणि कोका-कोला व पेप्सीसाठी साखर ज्या साखळीतून जाते तिच्या टोकाला हेच चित्र आहे, हे जगासमोर आले. १९९२ ला बुटांचे जे झाले, ते आता साखरेचे होते आहे.

आपण नुसते ग्राहक नाही

बुटाच्या बाबतीत आपण साखळीच्या शेवटी उभे आहोत. इंदापूरच्या दुकानदाराला विचारून त्याला तरी कुठे ठाऊक असणार? उसाच्या बाबतीत मात्र आपण साखळीच्या मधोमध आहोत. वाचकांपैकी कित्येकांच्या घरी ऊस आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच उसाच्या बिलातून वजा होतो. पैसे आपले, तर विचारण्याचा हक्कही आपला.

शेतकऱ्याचीही कोंडी आहे, हे मान्य. टोळी वेळेवर येत नाही, वरून 'खुशाली' मागते, कधी मुकादम उचल घेऊन फिरकतच नाही. शेतकरी आणि तोडकरी दोघेही पिचलेले असतात आणि एकमेकांवर चिडतात. पण सहकारी कारखान्याचा सभासद वार्षिक सभेत उठून उसाच्या भावाबद्दल विचारतो, तसेच आणखी तीन प्रश्न विचारू शकतो. आपल्या तळावर पाणी, शौचालय, दिवा आहे का? आलेल्या मजुरांची आणि त्यांच्या मुलांची यादी आहे का? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये द्यायचे ठरले आहे, ते भरले का? अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी यादीच मागितली होती, हे आठवा.

शाळेत काय करता येईल?

१. तळावर जा. हंगाम सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यात शाळेच्या परिसरातल्या कोप्यांवर जाऊन ६ ते १४ वयाच्या मुलांची यादी करा. सकाळी आई-बाप फडात असतात, म्हणून संध्याकाळी जावे.

२. दाखल्यासाठी अडवू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार दाखला नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे आहे. मूळ शाळेचे शिक्षण हमी कार्ड असेल तर उत्तम, नसेल तर तिथल्या मुख्याध्यापकांना फोन करा. जाताना इथली प्रगतीची नोंद मुलाच्या हाती द्या, म्हणजे तिकडे वर्ष वाया जाणार नाही.

३. पालकांना वसतिगृहाची माहिती द्या. मूळ गावी हंगामी वसतिगृह असते, संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे. पुढच्या वर्षी मूल मागे राहून शिकू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते.

४. लेबल वाचा. मुलांनी आपल्या बुटांवर, चेंडूवर, टी-शर्टवर कुठल्या देशाचे नाव आहे ते लिहून आणावे आणि नकाशावर खुणा कराव्यात. मोठ्या वर्गातल्या मुलांना कंपनीच्या संकेतस्थळावर कारखान्यांची यादी शोधू द्या. भूगोलाचा अख्खा तास होतो.

५. २४ डिसेंबरचा ग्राहक दिन. त्या दिवशी आपण वजन-मापे, अंतिम तारीख, पक्की पावती शिकवतो. ते हवेच. त्यात एक प्रश्न जोडा : "हे कुणी बनवले आणि त्याला काय मिळाले?" तो दिवस ऐन गळिताच्या हंगामात येतो, उत्तर शाळेच्या कुंपणाबाहेरच असते.

एक काळजी मात्र घ्या. वर्गात ऊसतोड कामगाराचे मूल बसले असेल तर त्याला उदाहरण म्हणून उभे करू नका. त्याच्याकडून तोडणीची माहिती शिकायची असेल तर जाणकार म्हणून विचारा. मोळी कशी बांधतात, एका गाडीत किती बसते, हे त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळते.

पालकहो, मुलाला बूट जरूर घेऊन द्या, चहात साखरही घाला. न घेतल्याने कुणाचे पोट भरत नाही. फक्त किमतीसोबत घामाचाही हिशेब विचारायची सवय घरात लावा. आणि या हंगामात शेजारच्या कोपीतले एक मूल जरी शाळेच्या हजेरीपटावर आले, तरी हा पाठ पूर्ण झाला असे समजू.

आपल्या शाळेत असा काही प्रयत्न झाला असेल तर जरूर कळवा. इतरांनाही त्यातून वाट दिसेल.